स्मार्ट मीटर वरून बंद झाला तेव्हा

मंडळी, आज जे घडलं ते लिहितेय.

आज दुपारी रेणापूरला आमच्या घरातली लाईट अचानक गेली आणि आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. शेजारी मात्र पंखे फिरत होते.

गल्लीतच काम करत असलेला लाईनमन माझ्या हाकेसरशी धावत आला, तपासून म्हणाला, "ताई, लाईन चांगली हाय. तुमचा स्मार्ट मीटर वरूनच बंद झालाय. माझ्या हातात काहीच न्हाई."

"वरून म्हंजे कुठून?"

"लांबच्या हापिसातनं बटण दाबत्यात. कुठल्या, ते मला बी ठाव न्हाई."

आईचे ओठ निळे पडायला लागले होते. तेवढ्यात शेजारच्या सलमाभाभींनी त्यांच्या घरातून एक्स्टेंशन बोर्ड भिंतीवरून दिला. "आधी मशीन लाव बेटा, बाकीचं मागून बघू!" मशीन सुरू झालं आणि आई हळूहळू सावरली.

तासाभराने लाईट आपोआप आली. चुकून बंद झाली होती, एवढंच वीज कंपनीत फोन केल्यावर कळलं.

आई झोपलीय. मी मात्र मशीनचा आवाज ऐकत तिच्या उशाशी बसलेय. स्मार्ट मीटरसारखी सुधारणा नको असं मी म्हणत नाही. पण कुठल्यातरी लांबच्या ऑफिसातल्या एका बटणावर तिचा श्वास अवलंबून असेल, तर मी तिला घरी एकटं सोडून कामावर जाऊ कशी?

तुमच्याही घरी असं कुणी आजारी असेल, तर तुम्ही काय सोय केलीय? खरंच सांगा.