ॲम्पमधले मामंजी

रेडिओकाकांच्या दुकानात रेडिओ यायचे बंद झाले त्याला बराच काळ लोटला, नाव मात्र चिकटून राहिलं. आता येतात ते वाजवणाऱ्यांचे ॲम्प्लिफायर, तेही जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे, ज्यांना दुसरं कोणी हात लावत नाही. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. मधलं दार कधी लावत नाहीत, कारण काकांचे कान त्या दारापलीकडे बसतात.

कान म्हणजे काकू.

काकांना ऐकू येतं, पण सगळं नाही. डॉक्टर म्हणाले होते, "बहुतेकांचे वरचे सूर आधी जातात, तुमचे खालचे गेलेत. विचित्रच आहे." काकांना त्यात विचित्र काही वाटलं नाही. जन्मभर ज्याच्या मागे धावावं तेच आधी हातातून जातं, एवढंच. चिरका आवाज ते स्वतः पकडतात. पण जमिनीलगत सरपटत येणारा जड घुमारा, धंद्याच्या भाषेत हम, त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तो काकू ऐकतात आणि आतूनच सांगतात.

धंद्यातले शब्द काकूंनी कधी शिकून घेतले नाहीत. चिरक्या आवाजाला त्या माशी म्हणतात. जड आवाजाला मामंजी, कारण त्यांचे सासरे याच सुरात घोरायचे. "माशी गेली हो, मामंजी आहेत अजून," असं त्या आतून ओरडल्या की नवं गिऱ्हाईक दचकून दाराकडे बघतं. खरे मामंजी गेले, तेव्हाही घोरणं थांबल्याचं पहिल्यांदा त्यांनाच कळलं होतं. शेजारच्या खाटेवर काका गाढ झोपलेले होते.

टेबलावर सध्या होता तो बेस गिटार वाजवणाऱ्या बेसवाल्याचा ॲम्प. बेसवाला धिप्पाड माणूस, पण तो खोका आत आणताना त्यालाही धाप लागली होती.

"काका, हा माझ्याहून म्हातारा आणि माझ्याहून जड. आता घूं घूं करायला लागलाय. कार्यक्रमात खपून जातं हो, लोकच एवढा गोंगाट करतात. पण शनिवारी रेकॉर्डिंग आहे. तिथे काही लपत नाही."

"नवा घे की मग."

"नव्यात हा आवाज नाही."

"कुठला, घोरण्याचा?" काकूंनी आतून विचारलं.

बेसवाला हसला. काकू हसल्या नव्हत्या. त्याची पाठ वळल्यावर त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "हे शेवटचं." दोघांनी दुकान बंद करून राहायला यावं म्हणून लेकीने तिच्या घरी तळमजल्यावरची खोली रिकामी करून ठेवली होती, पडदेसुद्धा लावले होते. काका दर वेळी म्हणायचे, हातातलं एवढं काम होऊ दे. आणि हातात नेहमी काहीतरी असायचंच.

काकूंचा गुडघा दुखायचा, पण खरा थकवा गुडघ्याचा नव्हता. काकांनी "ऐक" म्हटलं की नळ बंद करायचा, पंखा बंद करायचा, फ्रीजसुद्धा, कारण तोही घुमतो. कामाचा हात तसाच धरून, श्वास रोखून उभं राहायचं. मग सांगायचं, आहे किंवा नाही. मग सगळं पुन्हा चालू. "मी जन्मभर गप्प बसून दुसऱ्यांचं घोरणंच ऐकलं गं," असं त्या फोनवर लेकीला म्हणाल्या होत्या. त्यांचा आवाज वरच्या पट्टीतला. तो काकांना स्पष्ट ऐकू आला होता.

या ॲम्पने मात्र दोघांचाही अंत पाहिला. आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी हम जाईना, म्हणजे दोष पुढे नाही, मागे कुठेतरी. काका पुढून एकेक व्हॉल्व्ह उपटत गेले, झोपायच्या आधी एकेका खोलीतला दिवा घालवत जावं तसे. दर वेळी आतून तेच उत्तर, "आहेत." शेवटी राहिले ते टोकाचे दोन मोठे व्हॉल्व्ह आणि वीज पुरवणारा भाग. तिथले कंडेन्सर म्हातारे होऊन फुगले होते, ते बदलले. मोठ्या दोघांपैकी एक मेलेला निघाला. कपाटात जपून ठेवलेला एक कोरा काढून बसवला. दुसरा चांगला पेटत होता, तो ठेवला. चालतंय ते फेकायचं नाही, हा दुकानाचा धर्म.

हम उतरला, पण गेला नाही. मग काकांनी अर्थिंग तपासलं, तारांना नवा पीळ दिला, ट्रान्सफॉर्मर बोटभर तिरका करून पाहिला.

"आहेत?"

"आहेत. पाय पसरून आहेत."

शुक्रवारी दुपारी त्यांनी एक स्क्रू आवळला. त्याने काही होणार नव्हतं, ते त्यांनाही माहीत होतं. हाताला चाळा म्हणून आवळला. "अगं, ऐक जरा."

नळ थांबला. फ्रीजचं बटण वाजलं. आणि लगेच, जरा जास्तच लगेच, उत्तर आलं.

"गेले."

काकांनी स्पीकरच्या तोंडावरच्या कागदावर तळहात टेकवला. कान गेल्यापासून ही सवय लागली होती. किती आहे ते हाताला कळत नाही, पण आहे एवढं कळतं. कागद थरथरत होता.

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? गेले म्हणते ना. आता मामंजींना किती वेळा पोचवायचं?"

फ्रीज पुन्हा सुरू झाला. काका स्टुलावर बसून राहिले. इतक्या वर्षांत काकू चिडल्या होत्या, येत नाही जा म्हणाल्या होत्या, पण असलेलं नाही असं कधी म्हणाल्या नव्हत्या. दारातून त्या दिसत होत्या. भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून, एक हात गुडघ्यावर. काकांना राग आला नाही. एवढ्या थकलेल्या माणसाला खोटं बोलायलाही केवढा जोर लावावा लागला असेल, असं मात्र वाटलं.

ॲम्प तसाच देऊन टाकता आला असता. बेसवाला संध्याकाळी घेऊन गेला असता, उद्या त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये मामंजी घोरले असते, आणि तो तणतणत परत येईपर्यंत दुकानाला कुलूप लागलेलं असतं. काकू एवढंच तर मागत होत्या.

पण डोकं ऐकेना. जिच्यावर कधी संशय घ्यावा लागला नाही, तिचाही शब्द आज चुकला. मग आणखी कशावर आपण संशय घेतला नाही? काकांनी ॲम्पकडे पाहिलं. प्रत्येक जुना भाग त्यांनी तपासला होता. तपासलं नव्हतं ते फक्त स्वतःच्या हाताने बसवलेलं.

त्यांनी मीटर लावला. दोन्ही मोठे व्हॉल्व्ह किती वीज ओढतात ते एकापाठोपाठ एक मोजलं. कोरा जवळजवळ दुप्पट ओढत होता.

हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात. ओढ सारखी असली की विजेतला खडबडीतपणा आपसात जिरून जातो, बाहेर कोणाला कळत नाही. एक दमला आणि दुसरा ताजा असला की उरलेला फरक बोलायला लागतो. जुना वाईट नव्हता. नवाही वाईट नव्हता. वेगवेगळे मोजले असते तर दोघेही पास झाले असते.

कोरा दुसरा नव्हताच. काकांनी फळीवरून पत्र्याचा डबा काढला. त्यात कुठून कुठून उतरवलेले, अर्धं आयुष्य उरलेले व्हॉल्व्ह होते. काका त्यांना पेन्शनर म्हणत. एकेक लावून मोजता मोजता एक असा सापडला, जो जुन्याइतकाच दमलेला होता. कोरा काढून त्यांनी तो बसवला, थोडा तापू दिला आणि कागदावर हात ठेवला. कागद नुसता कागद होता.

"अगं, ऐक."

"मघाशी सांगितलं ना."

"परत सांग."

बटण वाजलं. या वेळी बराच वेळ काही आलं नाही.

"गेले," काकू हळूच म्हणाल्या. "खरंच गेले."

"मघाशी होते."

"होते."

काकांनी सोल्डरिंग आयर्नचा प्लग काढला. "मला कळलं होतं."

"तुम्ही हात लावून बघता, ते इथून दिसतं मला."

"मग तरी?"

"मग काय. म्हटलं, कळलं तर कळलं."

काकांनी ॲम्पचं झाकण लावलं, एकही स्क्रू न विसरता.

संध्याकाळी बेसवाला आला. जाड तार एकदाच छेडली, विरून जाऊ दिली आणि मग उरलेल्या शांततेकडे कान देऊन उभा राहिला. "काका, जादू केलीत. आवाज किंचित बसलाय, पण गोड आहे."

"दोन पेन्शनर बसवलेत टोकाला. फार जोरात ओढू नकोस. आणि एक गेला तर दोन्ही बदल. एकटा बदलू नको."

"बदलणारा मी कोण? बिघडला की तुमच्याकडेच घेऊन येणार."

काकांनी दाराकडे पाहिलं. आत नळ बंद होता, पंखा बंद होता. कोणी सांगितलं नसताना काकू श्वास रोखून उभ्या होत्या.

"आम्ही नसू इथे," काका म्हणाले.

"नसू म्हणजे? कुठे चाललात?"

"लेकीकडे," काकांच्या आधी आतूनच उत्तर आलं. आणि पाठोपाठ फ्रीज पुन्हा चालू केल्याची टक्. त्याचं घुमणं काकांना ऐकू येत नव्हतं, पण ती टक् आली.