अक्कानं लिंपून घेतलेल्या चुली

या गं बायांनो, अशा जवळ बसा. लांबूनच कसल्या हळहळता? अक्का जाऊन महिना होत आला, आणि जी भेटते ती मलाच सांगते, "बेघरांची माय गेली." मी तिची पाठची बहीण. तुझी कोण गेली, हे एकीनं तरी विचारलं का मला? निरोप आला तेव्हा मी हसनाबादला, हात पिठात... जालन्याला पोचले तर तिच्याभोवती त्यांचीच गर्दी. मला पुढं जायला वाट मागावी लागली!

दुष्काळात गावं सोडून आलेली माणसं बसस्टँडच्या कडेला पडून होती. पुढं पाऊस झाला, पण ज्यांना परतायला घरच नव्हतं ती तिथंच राहिली. अक्कानं मस्तगडाजवळचं सरकीचं बंद गोदाम मालकाच्या मागं लागून मिळवलं, गोणपाटाचे पडदे लावून खोल्या केल्या. नवी बाई आली की आधी चिखल कालवायचा, तिच्याच हातानं तिची चूल लिंपून घ्यायची. रेशनकार्डाचा अर्ज, काम, लेकरांची शाळा, हे सगळं नंतर. मी दिवाळीला तिच्या खोलीवर जायचे, तर चहाचा कप अर्धा टाकून ही गोदामाकडं. "बस तू, तू तर घरचीच." हे घरचं असणं मला फार महागात पडलं.

एकदा ती अर्जांसाठी दोन दिवस औरंगाबादला गेल्ती, गोदाम माझ्या हवाली. वाटलं, असं काही करावं की आल्यावर तोंडभरून कौतुक करील. इतक्या चुली, इतका धूर, कशाला? सगळ्या फोडल्या, मधोमध एक मोठी चूल घातली, स्वतः रांधून पंगत वाढली. सकाळी पाहते तर तीन खोल्या रिकाम्या. बायका स्टँडवर तीन दगड मांडून चहा उकळत होत्या.

त्यातल्या गिरजाला म्हटलं, "अगं, आयतं मिळत होतं की!"

"आयतं रस्त्यावर बी मिळतं, बाई. माझी चूल तुम्ही फोडली. मंग तिथं माझं काय राह्यलं?"

अक्का आली. रागावलीसुद्धा नाही. म्हटलं, "मला बोल तरी!"

"बोलायला टाइम न्हाई. चिखल कालव जल्दी, बाया उन्हात बसून राह्यल्या."

स्वतः गेली, हात जोडून त्यांना घेऊन आली. चूक माझीच होती, तरी मी जळले. मी दोनदा रुसून हसनाबादला निघून गेल्ते, तेव्हा मला न्यायला आल्ती का ती?

परवा गोदामात एक नवी बाई आली, कडेवर लेकरू. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मी पदर खोचून चिखल कालवायला बसले. गिरजा म्हणते कशी, "अक्का पाणी कमी घालायच्या." मेल्यावरही ही माझ्या पुढंच! पण त्या बाईनं लिंपता लिंपता मला विचारलं, "उद्या तुम्ही असताल ना?"

मी अजून हसनाबादला परतले नाही... अक्काच्या खोलीतच राहते. तुम्ही पुन्हा लवकर या गं. अन् दारात आलात की आजच्यासारखं अक्काची खोली कुठली म्हणून विचारू नका. माझं नाव घेऊन हाक मारा.