काकूंची फणी

वसतिगृहात नवी पोरगी आली की काकू चक्क तिच्याकडे पाठ करून बसायच्या. अंबाडा सोडायच्या, खांद्यावरून फणी मागे धरायच्या आणि म्हणायच्या, "पह्यले फणी, मंग गोष्टी." बिचारी पोरगी पेटी कुठं ठेवू म्हणून उभी, आणि तिनं आधी या अनोळखी बाईचे केस विंचरायचे! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई भलतीच आळशी दिसते.

मानोऱ्याच्या शाळेत मी गणित शिकवायची. शाळेला लागूनच मुलींचं वसतिगृह, त्याची देखरेख काकूंकडे. माळ्याच्या घरच्या, वांगी-मेथीच्या वाफ्यात वाढलेल्या. पोरींची नखं, दात, टाचा, सगळीकडे त्यांची नजर. आम्ही शिक्षिकाही त्यातून सुटलो नव्हतो. एकदा सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "मॅडम, गणित राहू द्या, आज टाचेले तेल लावा." राग आला, पण लावलं.

तुमच्याही पाहण्यात असतील अशी माणसं, जी मायेनं खोदून खोदून विचारतात आणि दुखावलेलं लेकरू आणखीच मिटून जातं. काकू विचारतच नसत; फणी हाती द्यायच्या आणि पाठ करून बसायच्या.

इंझोरीची एक पोरगी आली. शेतात तिच्या डोळ्यांदेखत आईवर वीज पडली होती. बोलायची नाही, कुणी ताट पुढं ठेवल्याशिवाय जेवायची नाही, न्हाण्याचं तर नावच नको. संध्याकाळी काकूंचे केस तेवढे मुकाट विंचरायची, फार हळुवार. तिच्या स्वतःच्या केसांचा मात्र मानेवर घट्ट गोळा झाला होता.

भेटायला आलेल्या मावशीनं तो गोळा पाहिला आणि हात जोडले. देवीची जट आहे म्हणाली. आता फणी नाही, कात्री नाही, पोरगी देवीची झाली. पुढच्या बाजाराला येते आणि घरी नेते, शाळा बास. मावशी दुष्ट नव्हती हो. मेलेल्या बहिणीच्या लेकरावर आणखी काही कोसळू नये, एवढीच तिची धास्ती. मी वाद घालायला तोंड उघडलं, तर काकूंनी नजरेनंच मला गप्प केलं आणि मावशीला चहा पाजला.

त्या संध्याकाळी आपले केस विंचरून झाल्यावर काकूंनी फणी परत घेतली नाही. खोबरेल तेलाची वाटी पोरीपुढं सरकवली.

"आता तुहे सोडव. मी हात नाही लावत. पण इथून उठतही नाही."

बऱ्याच वेळानं पोरीनं तेलात बोटं बुडवली. पुढं रोज वऱ्हांड्यात हेच. सोडवायची, रडायची, पुन्हा सोडवायची. मधेच एकदा म्हणाली, "आई असंच तेल लावे." काकू "हो माय" म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

बाजाराच्या दिवशी मावशी आली, तर पोरगी दोन वेण्या घालून दारात. मावशीनं घाबरून हात जोडले. देवी कोपेल, देवी कोपेल, एवढंच ती म्हणत राहिली.

"कोपली त माह्यावर कोपू द्या," काकू म्हणाल्या. "पोरीले शिकू द्या."

मावशीनं त्या वेण्या चाचपून पाहिल्या, डोळे पुसले आणि एकटीच परत गेली.

निवृत्त झाल्यावर काकू जऊळक्याला बहिणीकडे राहायला गेल्या. यंदा ती बहीण वारली. मी भेटायला गेले, तर काकू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. केस मोकळे, गुंतलेले. ताट तसंच झाकलेलं. मी खूप बोलले, समजावलं. माझं मलाच ते पोकळ वाटू लागलं. शेवटी त्या इंझोरीच्या पोरीला फोन केला. ती आता वाशिमला नर्सिंग शिकते.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या गाडीनं आली. सांत्वनाचा एक शब्द नाही. पिशवी ठेवली, खाटेजवळ जमिनीवर पाठ करून बसली, वेणी सोडली आणि खांद्यावरून फणी मागे धरली.

ती फणी बराच वेळ तशीच राहिली. मला तर बघवेना. मग खाट करकरली. काकू उठून बसल्या होत्या.

"तेल काहून नाही लावलं वं?" म्हणाल्या, आणि फणी घेतली.

मी चहा ठेवायला आत गेले.