देखणा गर्भ

निपाणीत बाबांनी मुली बघण्याच्या चालीविरुद्ध पत्रकं छापली, तेव्हा एसटी स्टँडवर ती मीच वाटली होती. मुलगी म्हणजे काय बाजारातलं वांगं आहे का, असं त्यात ठणकावून विचारलं होतं. तीच मी राजाजीनगरच्या क्लिनिकमध्ये पडद्यावरचे दोन गर्भ बघत नवऱ्याला म्हणाले, "डावीकडचा बघ, किती गोल आहे."

आमचेच गर्भ होते ते, लॅबमध्ये पाच दिवस वाढवलेले. डावीकडच्याला उत्तम दर्जा मिळाला होता. उजवीकडच्याच्या पेशी विस्कटलेल्या दिसत होत्या.

"त्या दुसऱ्याचं काय?" मी विचारलं.

"जाऊ दे गं तो. दिसतोय ना कसा? मी काल फोनवर सगळं विचारलंय."

मी विश्वास ठेवला. देखण्याच्या पेशी तपासणीला पाठवायच्या, दुसरा काढून टाकायचा, अशा कागदावर दोघांनी सह्या केल्या.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. देखण्या गर्भात एक गुणसूत्र जास्त होतं. त्यातून मूल होणार नव्हतं. लॅबमधली मुलगी बेळगावची. तिला म्हटलं, "इतका चांगला दिसत होता की."

"दिसण्यावरून गुणसूत्रं कळत नाहीत, अक्का. चांगला दिसला तर शक्यता थोडी जास्त, एवढंच. तो दुसराही तपासता आला असता. सरांना मी फोनवर सांगितलं होतं."

सर, म्हणजे माझा नवरा, शेजारीच उभा होता. भिंतीवरचा तक्ता वाचत होता. तक्ता कन्नडमध्ये होता आणि पुण्याहून आलेल्या या माणसाला अजून बसवरची पाटीसुद्धा वाचता येत नाही.

ऑटोत मी विचारलं. तो म्हणाला, "तुला उगाच आशा लागली असती. मागच्या खेपेचं तुझं रडणं मला बघवलं नव्हतं."

"म्हणून माझ्या वाटचंही तूच ठरवलंस?"

"सही तूपण केलीस."

केली होती. तो दुसराही सदोष निघाला असता कदाचित. पण ते मला अहवालातून कळायला हवं होतं, नवऱ्याला वाटलेल्या भीतीतून नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच क्लिनिकमध्ये गेले. आमच्या फाइलवर संपर्कासाठी त्याचा नंबर होता, तो खोडून माझा लिहायला लावला.

"सर गावाला गेले काय?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "घरीच आहेत."