मावशीच्या हिरोचा पुसलेला चेहरा

माझी मावशी एका फोटो स्टुडिओत एकतीस वर्षं रिटचिंग करते आहे. आधी निगेटिव्हवर पेन्सिल आणि बारीक ब्रशने, आता कॉम्प्युटरवर. मुरूम, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं ती अशा सफाईने घालवते की फोटो हातात घेतल्यावर गिऱ्हाईक सुखावून जातं.

कॉलेजात असल्यापासून एका नटावर तिचा जीव. आमच्या घरात त्याचं खरं नाव कुणी घेतच नाही. तो 'मावशीचा हिरो'. देखणा होता, त्यात वादच नाही. पण मावशी त्याच्या दिसण्याबद्दल फारसं बोलायची नाही. "रडू येण्याआधी त्याची डावी भुवई जरा वर जाते, ती बघ," म्हणायची. "रडणं काय, कुणालाही जमतं."

ओळीने पाच-सहा सिनेमे आपटले आणि अठरा वर्षांपूर्वी तो गायबच झाला. आई, म्हणजे तिची धाकटी बहीण, मुद्दाम खडा टाकायची, "ताई, तुझा हिरो भाजी विकतो का गं आता?" मावशी उठून आत जायची.

यंदा तो परत आला. बापाची भूमिका, पण सिनेमा सगळा त्याच्यावरच. जिकडेतिकडे त्याचं कौतुक. आई फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "आम्ही तर पहिल्यापासून त्याचे फॅन!" मावशीचा तिळपापड झाला. "आम्ही म्हणजे कोण गं?"

नेमके तेव्हाच शाळेच्या ओळखपत्रांचे नऊशे फोटो आले. मालकाने सुट्टी दिली नाही. पोरांच्या कॉलरी सरळ करण्यात तिचा आठवडा गेला, आणि तेवढ्यात स्टुडिओतल्या कॅमेरावाल्याने अख्खी गोष्ट शेवटासकट सांगून टाकली. अखेर रविवारी दुपारी मी तिला घेऊन गेले.

तो पडद्यावर आला. शिट्ट्या पडल्या. माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. शेजारी पाहिलं तर मावशी पुढे वाकून, डोळे बारीक करून बघत होती. कामावर बघते तशी.

"पुसलाय," ती म्हणाली.

"काय?"

"चेहरा. कपाळ बघ, एक रेघ नाही. गालावरची त्वचा हलतच नाहीये. कुणीतरी माझंच काम केलंय त्याच्यावर."

मागून कुणीतरी "शूऽ" केलं. पुढच्या रांगेतली बाई नवऱ्याला म्हणाली, "साठीचा वाटतो का सांगा!" मावशीने खुर्चीचा हात घट्ट धरला.

बाहेर पडल्यावर मी चाचरत म्हटलं, "पण काम छान केलंय ना त्याने?"

"केलंय ना! म्हणून तर डोकं फिरतंय. मुलगी घर सोडून जाते, तेव्हा तो नुसता उभा राहतो. तिथे भुवई वर गेली असणार गं त्याची! कपाळाला आठ्या पडल्या असणार. सगळं पुसलं मेल्यांनी. अठरा वर्षं थांबले मी. मी म्हातारी झाले, मग त्याला का होऊ देत नाहीत?"

सोमवारी ती स्टुडिओत गेली आणि एका निवृत्त मास्तरांच्या फोटोतली एकही सुरकुती तिने काढली नाही. मास्तरांनी फोटो परत पाठवला. मालक ओरडला, "एकतीस वर्षांत आजच काय झालं तुम्हाला?" तिने निमूटपणे सगळ्या काढून दिल्या. घरी येऊन जेवली नाही.

तरी त्यानंतर दोनदा ती एकटी जाऊन तो सिनेमा बघून आली. दोन्ही वेळा धुसफुसतच परतली.

"मग जातेस कशाला?" आईने विचारलं.

"शेवटी तो पाठमोरा चालत जातो ना," मावशी म्हणाली. "डावा पाय जरा ओढतो. खांदे उतरलेत. पाठीला कुणी हात लावलेला नाही. तेवढाच तो उरलाय त्यात."

आईने या वेळी खडा टाकला नाही.