मोठीमायची लाही

माझ्या मोठीमायचा पुसेगावातल्या एकाही रांगत्या लेकरावर विश्वास नाही. मोठीमाय म्हणजे माझी थोरली चुलती. कुणी सांगितलं, आमचा सातव्या महिन्यात बसला, की ही त्याच्या पाठीमागची उशी ओढून बघणार. चालतो म्हणालं तर आईला बोट सोडायला लावणार. शेजाऱ्यांचा नवाकोरा वॉकर तिनं माळ्यावर टाकला आणि वर त्यांनाच विचारलं, चालायला लेकरानं शिकायचं का चाकानं? पण खरी परीक्षा लाहीची. लेकराला सतरंजीवर बसवायचं, समोर ज्वारीची एक लाही ठेवायची आणि डोळे बारीक करून बघायचं. सहा महिन्यांचं पोरगं अख्ख्या पंजानं ओरबाडतं. वर्षाच्या आसपास अंगठा-बोटाची चिमूट जुळते. लाही तोंडाकडे निघाली की हिचं बोट आडवं तयार.

मी आरोग्य केंद्राकडून बाळांच्या वाढीची पत्रकं वाटते: मान, कूस, बसणं, रांगणं, सगळ्याचे महिने तक्त्यात छापून. मला हा लाहीचा प्रकार सरळ भोंदूपणा वाटायचा. तिच्याविरुद्ध पत्रकाचा मसुदाही मी लिहून ठेवला होता. तिला माझ्या तक्त्याचा तेवढाच संशय. "तुह्या कागदातली सारी लेकरं एकाच तारखेला काहून बसून राहिली गं?" मी रागानं मसुद्यात आणखी एक ओळ घातली.

मग ताई नऊ महिन्यांच्या लेकीला घेऊन माहेरी आली. पोर बसत होती, तक्त्याप्रमाणे बराबर. मी खूण करून मोकळी झाले. मोठीमायनं लाही मांडली. पोरीनं डावा हात टाकला. लाही उजवीकडे सरकवली, तर पोरीनं सगळं अंग वळवून पुन्हा डावाच आणला. उजवी मूठ मिटलेलीच. ताई कौतुकानं म्हणाली, बापासारखी डावखुरी आहे.

"या वयात लेकरू हात निवडत न्हाई," मोठीमाय म्हणाली. "हे माझ्या तेलमालिशीचं काम न्हाई. उद्याच हिंगोलीला डाक्टरला दाखव."

डॉक्टर म्हणाले, उजवी बाजू मागे पडतेय. बरं झालं, लवकर आलात. व्यायाम सुरू झाले. मसुदा मी फाडला.

परवा, दीड वर्षाच्या त्या पोरीनं तिसऱ्या खेपेला उजव्या चिमटीत लाही धरली. मोठीमायला अर्थातच पटलं नाही. फिरून करून दाखव म्हणाली आणि दुसरी लाही काढायला ताटलीत हात घातला. तिची चिमूट जुळेना. लाही दोनदा निसटली. शेवटी तिनं ती अख्ख्या पंजानं ओढली आणि संशयानं माझ्याकडे बघितलं.

मी काही पाहिलंच नाही अशी मान खाली घालून पत्रकं जुळवत बसले.