साखर सोडलेला बोरेगौडा

बोरेगौडाने साखर सोडली ती एका दिवसात. तालुक्याच्या डॉक्टरने रक्त तपासून सांगितलं, "गौडा, शुगर झालीय. साखर बंद, गोड बंद, भात कमी, गोळ्या चालू." यातलं पहिलं तेवढं बोरेगौडाने उचललं आणि ते असं पाळलं की सोवळेकऱ्याने हात जोडावेत. मुलीच्या नणंदेच्या लग्नात जिलबी वाढायला आलेल्याला त्याने पानावर हात आडवा धरून परत पाठवलं. मी शेजारच्याच पानावर होतो. माझ्या पानावर त्या दिवशी दोन वाढल्या गेल्या.

गुळाचं मात्र त्याने डॉक्टरला विचारलंच नाही. आमच्या कर्नाटकात, मंड्याच्या बाजूला गूळ हा गोडात धरतच नाहीत. दारी पाहुणा आला की आधी गूळ आणि पाणी पुढे येतं, मग नाव-गाव. त्यात बोरेगौडाचं स्वतःचं गुऱ्हाळ. काहिलीतल्या पाकाचा थेंब तो पाण्यात सोडायचा, बोटांत गोळी वळायचा, जिभेवर ठेवायचा आणि मग म्हणायचा, "उतरवा." दिवसात जितक्या काहिली, तितक्या गोळ्या. वर गुळाची कॉफी.

माझी नाचणीची गिरणी त्याच्या गुऱ्हाळाला लागून. एकदा मी म्हटलं, "बोरण्णा, ऊस एक, रस एक. एक भाऊ चोर आणि दुसरा संन्यासी, हे कसं काय बाबा?"

"तू नाचणी दळ," तो म्हणाला. "साखर कारखान्यात होते. गूळ माझ्या हातचा. माझाच हात मला मारील होय?"

मी नाचणी दळली. डॉक्टरच्या गोळ्या चार दिवस घेऊन त्याही त्याने बंद केल्या. साखर सोडली, आता गोळ्या कशाला, हा त्याचा हिशोब.

मग बेंगळुरूहून मेघना आली. काय खावं, काय खाऊ नये, हे ती फोनवर व्हिडिओ टाकून लोकांना सांगायची. मुलगी लाघवी, पण तिच्याकडे सगळंच सोपं होतं. भाताऐवजी हे, गव्हाऐवजी ते, साखरेऐवजी गूळ. असं एकाच्या जागी दुसरं ठेवून आजार बरे झाले असते तर दवाखान्यांत गुरं बांधली असती. पण बोरेगौडा तिला फार आवडला. पांढऱ्या मिशा, उघडे पाय, मागे उकळती काहील. तिने फोन धरला आणि तो बोलला, "मला शुगर आहे. साखरेला शिवत नाही. रोज घरचा गूळ खातो. बघा कसा आहे ते." आणि चुलवाणातून ओढलेल्या गरम राखेवर तो पाय ठेवून उभा राहिला.

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यात म्हणतात, जुन्या गुळव्याला विस्तव ओळखतो, त्याच्या पायाला भाजत नाही. बोरेगौडाच्या पायाला भाजत नाही याचा गावाला अभिमान होता. तो पाय शुगरने आतून मरत चाललाय, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही.

व्हिडिओ लाखोंनी पाहिला. मोटारी यायला लागल्या. माणसं त्याच्याबरोबर फोटो काढायची आणि आपल्या शुगरवाल्या आईबापांसाठी ढेपा न्यायची.

माघात एक निखारा त्याच्या तळव्यात रुतला. त्याला कळलंच नाही. घरात रक्ताची पावलं उमटली ती त्याच्या बायकोने, साकम्माने पाहिली. "अहो, पाय बघा तुमचा," ती म्हणाली. त्याने हसून हळद दाबली आणि पुन्हा काहिलीशी जाऊन उभा राहिला. हळदीखाली पाय काळा पडला. त्याला म्हैसूरच्या इस्पितळात नेलं तेव्हा गुडघ्याखालून कापण्यावाचून इलाज उरला नव्हता.

"पण साखर खात नव्हतो हो," तो डॉक्टरीणबाईंना सांगत राहिला.

"गौडा, गूळ की साखर, ते रक्ताला कळत नाही," त्या म्हणाल्या. चांगल्या बाई होत्या. खाटेवर त्याच्याजवळ बसून बोलल्या.

पायासाठी तो रडला नाही. दोन दिवसांनी मुलीला, शोभाला म्हणाला, "तो व्हिडिओ बघून गूळ नेला त्यांचं काय गं होणार?"

"तुम्ही झोपा, अप्पा."

"झोपतो. आधी त्या मुलीला बोलाव."

मेघना आली. त्याला पाहून खूप रडली. त्याने तिला फोन धरायला लावला, पांघरूण बाजूला केलं आणि कापलेला पाय दाखवला. मी तिथेच होतो. तो म्हणाला, "गूळ वाईट नाही. पण शुगर झालेल्याने साखर सोडून गूळ धरला, तर त्याने काहीच सोडलं नाही. मी नाही सोडलं. गोळ्या घ्या. डॉक्टरला गुळाचंसुद्धा विचारा." एवढं बोलून त्याला धाप लागली.

तो व्हिडिओ मेघनाने टाकला नाही. शोभाला तिचा फोन आला, "अक्का, बघवत नाही हो. लोक घाबरतील. थोडं सावरू दे त्यांना." सावरायचं कुठलं? जखम वर चढत होती. शेवटी शोभाने तो तिच्याकडून मागून घेतला आणि आपल्या फोनवरून टाकला. भावकीने पाहिला आणि हात जोडल्याची चित्रं पाठवली. तिथेच तो व्हिडिओ थांबला.

बोरेगौडा रोज सकाळी विचारायचा, "गेला का सगळीकडे?"

"गेला, अप्पा. पहिल्यापेक्षा जास्त."

"मग बरं झालं. आता कुणी फसायचं नाही." त्यानंतर तो शांत झोपायचा. असाच एका पहाटे झोपेत गेला.

दिवसकार्याच्या, आमच्याकडे म्हणतात त्या तिथीच्या, जेवणाला पंगत बसली होती. दारात मोटार थांबली आणि दोघे भाऊ उतरले, हासन जिल्ह्याकडचे. वडिलांना शुगर होती, त्यांना व्हिडिओतल्या या अज्जाच्या हातचाच गूळ हवा होता. साकम्माने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं.

"अरेरे. कशाने गेले हो?"

"शुगरने," साकम्मा म्हणाली. "गूळ खाऊन."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग थोरला अगदी मायेने, समजूत घालावी तसा म्हणाला, "नाही हो, अम्मा. कधीतरी चोरून साखर खाल्ली असेल त्यांनी."